तीन नंबरच्या भिंतीला पाणी

आमच्या घरमालकीणबाईंना खिळा ठोकल्याचा आवाज तीन गल्ल्यांवरून ऐकू येतो. जालन्याच्या मस्तगड भागात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही सात वर्षं भाड्याने राहिलो आणि त्या सात वर्षांत भिंतीत एकही खिळा ठोकला नाही. राहायला आलो त्याच दिवशी त्यांनी जिन्यात उभं राहून बजावलं होतं, "काय करायचं ते करा, पण माझ्या भिंतीला भोक पाडायचं न्हाई." त्यामुळे आमचं कॅलेंडर चिकटपट्टीने लावलेलं असायचं आणि मे महिन्याच्या दुपारी पट्टी सुटून ते कुणाच्या तरी डोक्यावर पडायचं. घड्याळ फ्रीजवर होतं. आरसा खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला होता. त्यात माझं अर्धंच तोंड दिसायचं आणि तेवढ्याच अर्ध्या तोंडाला पावडर लावून मी शाळेत शिकवायला जायचे.

सगळ्यात जास्त हाल झाले ते माझ्या सासूबाईंचे. माझं लग्न व्हायच्या आधीच त्या गेल्या, म्हणजे मी त्यांना फक्त तसबिरीत पाहिलेलं. ती मोठी लाकडी चौकटीची तसबीर खिळ्याअभावी कपाटावर टेकवून ठेवावी लागे. पंखा तीनच्या पुढे गेला की सासूबाई पुढे झुकायच्या आणि पाचवर गेला की पडायच्या. म्हणून आमच्याकडे कितीही उकडो, पंखा तीनवर. पाहुणा घामाने निथळत असला तरी आम्ही त्याला म्हणायचो, "वाराच न्हाई हो आज."

माझे सासरे मोजणी खात्यात साखळी धरायचे. भोकरदनपासून शहागडपर्यंत त्यांनी किती शेतं मोजली त्याला हिशेब नाही. सख्खे भाऊ बांधावर कुऱ्हाडी घेऊन उभे असायचे आणि सासरे मध्ये शांतपणे चुन्याची रेघ ओढायचे. रेघ कुणाला पटली नाही असं कधी झालं नाही, असं ते सांगतात. आता या बाबतीत साक्षीदार तेच एकटे, पण आम्ही मान डोलवतो. स्वतःच्या नावावर मात्र वीतभर जागा नव्हती. जालन्यातली चार भाड्याची घरं त्यांनी काढली आणि चारही घरांत ती तसबीर टेकलेलीच राहिली. ते म्हणायचे, "मला बंगला नको. आपली एक भिंत पाहिजे. कोणाला न इचारता खिळा ठोकायचा अन् हिला वर लावायचं. बस." एवढंच मागणं होतं, आणि ते पुरं व्हायच्या आत त्यांचं काही बरंवाईट झालं तर, या विचाराने मला खरंच धास्ती वाटायची.

शेवटी आम्ही अंबड रस्त्याला एका नव्या स्कीममध्ये रो-हाऊस बुक केलं. एका ओळीत नऊ घरं, आमचा नंबर तीन. त्या वेळी तिथे नुसते पायाचे खड्डे होते. बुकिंग करणाऱ्या माणसाने रंगीत नकाशा पसरला आणि तो हात करून घर दाखवायला निघाला, तर सासऱ्यांनी त्याला बसवलं. "मला नकाशा दाखवू नका. नकाशातच जन्म गेला माझा." असं म्हणून ते एकटेच गेटपाशी गेले, एक, दोन, तीन असे खड्डे मोजले आणि तिसऱ्यात उतरून उभे राहिले. आम्ही काठावरून टाळ्या वाजवल्या. परतीच्या वाटेवर त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून तीन इंची खिळा घेतला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. पुढे वर्षभर तो खिळा त्यांच्या प्रत्येक सदऱ्याचा खिसा फाडत होता आणि मी शिवत होते.

घरमालकीणबाईंना यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. भाडेकरू जाणार म्हटल्यावर त्या दुसऱ्याच दिवशी नवे भाडेकरू घर पाहायला आणतील आणि आम्ही जेवत असताना ते आमच्या स्वयंपाकघरात फिरतील, याची आम्हाला खात्री होती. आधीच्या भाडेकरूंच्या वेळी घर पाहायला आम्हीच तसे फिरलो होतो.

भिंती उभ्या राहिल्या, प्लास्टर झालं, आणि नेमका उन्हाळा लागला. नव्या प्लास्टरला रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर ते भुसभुशीत राहतं. साइटवरच्या बोअरने एप्रिलमध्येच मान टाकली. सुपरवायझर रोज म्हणायचा, "टँकर येऊन राह्यला." सासऱ्यांनी दोन दिवस टँकरची वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी तेलाचे दोन रिकामे कॅन धुतले. नळाला पाणी आलं की आम्ही घरातलं झाडून सगळं भरायचो, अगदी कुकरसुद्धा. त्या पाण्यातून रोज संध्याकाळी दोन कॅन स्कूटरवर जायला लागले. पुढे पायाशी एक, मागे माझ्या मांडीवर एक. मी शाळेतून आलेली, भुकेली, मांडीवर पाणी हिंदकळतंय आणि सासरे खड्ड्यागणिक ओरडतायत, "सांडू नको, भिंतीचं हाय ते!" माझ्या तोंडी त्यातलं घोटभरही कधी गेलं नाही.

पहिल्याच आठवड्यात घरमालकीणबाईंनी आम्हाला जिन्यात गाठलं. कॅनवर मी माझी जुनी साडी टाकली होती.

"काय नेऊन राह्यले?" त्यांनी विचारलं.

सासरे आयुष्यात फारसं खोटं बोललेले नाहीत, त्यामुळे त्यांना ते जमत नाही. ते म्हणाले, "ताक."

"एवढं?"

"हिच्या शाळेत वाटून राह्यलो. ऊन लई हाय ना."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "लई पुण्याचं काम करता तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि मग लगेच, "मंग एक तांब्या खाली देत जा की. मला बी ऊन लागतं."

तेव्हापासून एक दिवसाआड मी खरोखरचं ताक करून त्यांना देऊ लागले. आलं-मिरची ठेचून, कोथिंबीर घालून. वर त्यांचे शेरे ऐकायचे, "आज पातळ झालं." एकदा त्यांनी शेजारणीलाही बोलावून पाजलं. मी नवऱ्याला म्हटलं, दोन भिंतींपायी मला मठ्ठ्याची गाडी लावायची वेळ आली. तो एका स्टीलच्या कारखान्यात पाळ्या करतो, बँकेच्या कर्जाची कागदपत्रं गोळा करणं त्याच्याकडे होतं, आणि त्याला रोज एक नवा कागद कमी पडत होता. तो म्हणाला, "तुला मीठ-मिरची तरी मोजून घालता येते." कर्ज मंजूर होईना, म्हणून करारनामाही लांबत गेला.

साइटवर पाणी मारायला आमच्यासारखंच आणखी एक कुटुंब यायचं. राजूरकडचे शेतकरी, लेकरांच्या शाळेसाठी जालन्यात भाड्याने राहिलेले. त्यांचं घर आमच्यापासून चार घरं पुढे, ओळीच्या पार दुसऱ्या टोकाकडे. ते टेम्पोत मोठा ड्रम घालून आणायचे, आणि तिथेच सासऱ्यांचं डोकं फिरायचं. आपले दोन कॅन, त्यांचा ड्रम. त्यांनी चौकट बसवली त्या दिवशी नारळ फोडला, आंब्याची पानं बांधली, पेढे वाटले. सासऱ्यांनी पेढा खाल्ला आणि माझ्या कानात म्हणाले, "भिंतीकडं लक्ष न्हाई, नुसती सजावट." दुसऱ्या दिवशी त्यांनीही आमच्या चौकटीसमोर उभं राहून मोठ्या आवाजात त्रिसरण-पंचशील म्हटलं, ओळीच्या त्या टोकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मग त्या शेतकऱ्याच्या बायकोने भिंतींना ओली गोणपाटं लावली. दोऱ्या बांधून, सगळ्या बाजूंनी. सासऱ्यांना दोन दिवस हसायला तेवढं पुरलं. "भिंतीला कपडे घालून राह्यले! सर्दी होईल म्हणून का काय?" स्वतः ते एका तांब्याने, वरून खाली, एकही कोपरा न चुकवता पाणी सोडायचे. मला म्हणायचे, "बघ, ह्याला पाणी मारणं म्हणतात. त्यांच्या घरात खिळा अंगठ्यानं जाईल. आपल्यात ठोकायला पैलवान लागंल." मी म्हणायचे, जाऊन एकदा बोला तरी त्यांच्याशी. पण ते जायचे नाहीत. दुसऱ्याच्या हद्दीत बोलावल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम होता. दोन्ही बाजूंनी उन्हाळाभर नुसत्या माना हलल्या.

आमच्या बैठकीच्या भिंतीवर सासऱ्यांनी जागाही ठरवली. टेपने जमिनीपासून उंची घेतली, दोन्ही कोपऱ्यांपासून अंतर घेतलं, पूर्वेच्या खिडकीतून सकाळचं ऊन काचेवर येणार नाही असं पाहिलं आणि पेन्सिलने फुली मारली. मग मला स्टुलावर उभं करून माझं तोंड त्या फुलीशी धरायला लावलं आणि स्वतः दारातून, स्वयंपाकघरातून, जिन्यावरून पाहून आले. "दिसते," ते म्हणाले. माझी मान अवघडली होती, पण मी आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिले.

पावसाळा सुरू झाल्यावर एकदाचं कर्ज मंजूर झालं. करारनामा करण्याआधी मसुदा वाचून घ्यायचा म्हणून आम्ही तिघं वकिलाकडे गेलो. वकील भराभर वाचत होता, नवरा मोबाईल पाहत होता, मी छताकडे पाहत होते. सासऱ्यांनी डोळे मिटले होते. मग चतुःसीमा आल्या, म्हणजे घराच्या चारी बाजूंना काय आहे ते.

"पूर्वेस रस्ता. पश्चिमेस शेत. उत्तरेस घर क्रमांक दोन. दक्षिणेस घर क्रमांक चार."

सासऱ्यांनी डोळे उघडले. "उत्तरेस कोण?"

"घर क्रमांक दोन."

"उत्तरेस दोन," सासरे म्हणाले. मग त्यांनी टेबलावरच्या हवेत बोटाने काहीतरी मोजलं, दोनदा मोजलं.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. संध्याकाळी सदरा खुंटीवर टांगल्यासारखे खुर्चीत बसून राहिले. मी कपाळाला हात लावून ताप पाहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी मी दरडावून विचारलं, "मामा, काय झालं ते सांगा, न्हाईतर मी डॉक्टरला बोलावते."

"आपलं घर उत्तरेकडून तिसरं हाय," ते म्हणाले. "मी दक्षिणेकडून मोजलं."

झालं होतं असं. नकाशात गेट उत्तरेला होतं आणि घरांचे नंबरही तिथून सुरू व्हायचे. पण उत्तरेच्या वाटेत कुणाचातरी बांध आला, त्याची मोजणी अडली, म्हणून गेट दक्षिणेला काढलं. सासरे त्या गेटपासून मोजत गेले. नऊ घरांत उलटीकडून तिसरं म्हणजे नंबर सात. आणि त्या शेतकऱ्याचं बुकिंग सात नंबरचं. तेही बिचारे गेटपासून सात मोजून आमच्या तीन नंबरात घुसले होते. उन्हाळाभर आम्ही त्यांच्या घराला पाणी मारलं आणि त्यांनी आमच्या. फक्त पाच नंबरवाला कुठूनही मोजलं तरी बरोबर होता, आणि त्याने तर एकदाही येऊन पाणी मारलं नव्हतं.

मी आधी खो खो हसले. आलं-मिरचीचे सगळे तांबे डोळ्यांसमोरून गेले. मग सासऱ्यांकडे पाहिलं आणि हसू थांबलं. आयुष्यभर लोकांना त्यांची हद्द दाखवलेल्या माणसाला स्वतःच्या एकुलत्या एका घराची सापडली नव्हती. आणि ती पेन्सिलची फुली दुसऱ्याच्या भिंतीवर होती. मला फार वाईट वाटलं. ते म्हणाले, "त्या भिंतीत तर खिळा अंगठ्यानं जाईल." स्वतःचेच शब्द त्यांना छळत होते.

शेतकऱ्याला सांगणं भागच होतं. आम्ही साइटवर गेलो, सुपरवायझरलाही बोलावलं. सासऱ्यांनी हात जोडून, मान खाली घालून सगळं सांगितलं. शेतकरी आधी चक्रावला, मग त्याने ओळीच्या एका टोकाला पाहिलं, मग दुसऱ्या टोकाला, आणि मग तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. त्याची बायको मात्र हसली नाही. तिने पदर खोचला आणि सासऱ्यांना विचारलं, "मंग आमच्या घराला पाणी बराबर मारलं का तुम्ही?"

सासऱ्यांच्या अंगात त्या क्षणी जीव आला. "बराबर? चला, दाखवतो." मग आधी सात नंबरात, नंतर तीन नंबरात वरात गेली. मुलगी पाहायला आल्यासारखं दोन्ही बाजूंनी भिंती टकटक वाजवल्या, कोपरे निरखले, काही खोड निघते का ते पाहिलं. घरं बदलून घ्यावीत असाही विचार निघाला, पण दोघांच्याही बँकांची नुसती आठवण झाली आणि सगळे एकदम नको म्हणाले. मी सुपरवायझरला विचारलं, "तुम्हाला तर माहीत असंल ना?"

"माहीत होतं की ताई," तो म्हणाला. "पण दोघंबी इतकं मन लावून पाणी मारून राह्यल्ते, मला वाटलं तुमचं आपसात ठरलंय."

घराचा ताबा मिळाला आणि आम्ही मस्तगड सोडलं. घरमालकीणबाईंनी एकेक भिंत तळहाताने चाचपून पाहिली, एकही भोक सापडलं नाही, आणि मग त्या रडल्या. तेव्हा मला राहवलं नाही आणि मी ताकाचं खरं सांगून टाकलं. त्यांनी रडणं थांबवलं. "म्हंजे ते घर माझ्या पाण्याचं हाय," असं म्हणून त्या गृहप्रवेशाला नवी साडी नेसून आल्या. त्यांचं पाणी प्रत्यक्षात सात नंबराला गेलं हे कळल्यावर त्या तडक तिकडे गेल्या, हक्काने चहा आणि दोन लाडू वसूल करून परत आल्या.

वंदना झाली. सासऱ्यांनी तीन नंबरच्या बैठकीत पुन्हा टेप लावली, पुन्हा फुली मारली. तसबीर माझ्या हातात दिली आणि खिशातून तो वर्षभराचा खिळा काढला. सगळे पाहत होते. ते स्टुलावर चढले, खिळा धरला आणि हळूच, भिंतीला दुखू नये अशा बेताने, पहिला ठोका दिला. खिळा वाकला.

त्यांनी तो सरळ केला आणि पुन्हा मारला. पुन्हा वाकला. नवऱ्याने दुसरा दिला, तोही वाकला. तिसऱ्याचं टोकच मोडलं. भिंतीवरून साधा कपचाही उडाला नाही. सासऱ्यांनी वाकलेल्या खिळ्याकडे पाहिलं, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "गोणपाटं." मग आणखी एकदा म्हणाले, "त्या बाईची गोणपाटं हो," आणि हातोडी जोरात उचलली.

"अहो! बस करा आता, भिंत खराब होईल!" घरमालकीणबाई मागून ओरडल्या.

सासऱ्यांचा हात तिथेच थांबला. "चुकलं बाई," असं म्हणत ते मुकाट्याने स्टुलावरून उतरले आणि तसबीर माझ्या हातातून घेऊन कपाटावर टेकवायला निघाले. कपाट अजून टेम्पोतून उतरलंच नव्हतं. खोलीच्या मधोमध ते तसबीर छातीशी धरून उभे राहिले आणि ती ठेवायला जागा शोधू लागले. कुणी हसलं नाही. घरमालकीणबाईंनी तोंडावर पदर धरला होता.

"मामा," मी म्हटलं, "भिंत तुमची हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. "माझी हाय," ते म्हणाले. आणि बाईंना समजावून सांगितल्यासारखं पुन्हा म्हणाले, "भिंत माझी हाय, बाई."

"न्हाई कोण म्हणतंय," बाई पदराआडून म्हणाल्या. "ठोका."

पण ठोकून काही होणार नव्हतं. तेवढ्यात सात नंबरवाला शेतकरी दारात आला. त्याच्या हातात ड्रिल मशीन होतं. "आमच्याकडं सकाळपासून चार खिळे मोडले, काका," तो म्हणाला. "काय पाणी मारलंय तुम्ही! शेवटी हे आणावं लागलं. तुमच्या फुलीवरच भोक पाडलं, आईचा फोटो लावला. जागा लई बराबर काढल्ती."

सासऱ्यांनी त्याला हाताला धरून आत घेतलं. भोक शेतकऱ्याने पाडलं, खिळा सासऱ्यांनी बसवला आणि सासूबाई वर गेल्या. मी जाऊन पंखा पाचवर केला.